पर्ल हार्बर बघायला जाताय? टूर बुक करण्याआधी हे वाचा

हवाईच्या ओआहू बेटावर जाणारे बहुतेक जण एक दिवस पर्ल हार्बरसाठी काढतात, म्हणजे १९४१ मधे जपानने हल्ला केला त्या अमेरिकन नौदलाच्या बंदरासाठी. पण संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर विचारा की काय बघितलं, तर बऱ्याच जणांचं उत्तर एकच असतं, एक बोट, पाण्यातली एक पांढरी इमारत, एक भलंमोठं जहाज आणि डोक्यावर ऊन. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझंही अगदी असंच झालं होतं. तीन वर्षांनी आई-बाबांना घेऊन परत गेले तेव्हा आधी नीट वाचून, वेळ हातात ठेवून गेले आणि तीच जागा पूर्ण वेगळी वाटली. म्हणून हे सविस्तर लिहितेय. गाईडेड टूर जरूर घ्या, पण दिवसाचा क्रम आणि वेळ तुम्ही ठरवा, टूरवाल्यावर सोडू नका.

पहिल्या वेळचं आधी सांगते कारण तिथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. मी एक सिटी टूर घेतली होती, जाहिरातीत पर्ल हार्बर अगदी ठळक अक्षरात लिहिलेलं. बस तिथे पोचली आणि मग कळलं की ॲरिझोना मेमोरियलला, म्हणजे त्या हल्ल्यात बुडालेल्या ॲरिझोना युद्धनौकेवरच्या स्मारकाला जाणाऱ्या बोटीच्या सीट आमच्यासाठी घेतलेल्याच नाहीत. तास-दीड तास किनाऱ्यावर फिरा, फोटो काढा, बसमधे या. समोर पाण्यात मेमोरियल दिसतंय आणि आपण कठड्याला टेकून बघतोय! जाहिरात परत वाचली तर शब्द होता "व्हिजिटर सेंटर". म्हणजे खोटं कुणी बोललं नव्हतं पण मला खरं काय तेही कळलं नव्हतं.

तर पहिली गोष्ट, तिकिटाचं गणित समजून घ्या. ॲरिझोना मेमोरियल बघायला पैसे लागत नाहीत. ते अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि सरकारी वेबसाईटवर, रिक्रिएशन डॉट गव्ह वर, माणशी एक डॉलर बुकिंग फी भरून वेळ घ्यायची असते. सीट साधारण आठ आठवडे आधी खुल्या होतात आणि थोड्या सीट आदल्या दिवशी दुपारी तीनला, हवाईच्या वेळेनुसार, परत सोडतात. भारतातून बुक करत असाल तर ते आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा होतात, गजर लावून बसा कारण सीट भराभर जातात. व्हिजिटर सेंटर आणि तिथली दोन म्युझियम्सही फुकट आहेत. मग टूरचे पैसे कशाचे? वाइकिकी या हॉटेलांच्या भागापासून नेण्या-आणण्याचे, गाईडचे, आणि मिसूरी ही युद्धनौका, बोफिन ही पाणबुडी, एव्हिएशन म्युझियम म्हणजे विमानांचं म्युझियम, यातलं जे असेल त्याच्या तिकिटाचे. हे लक्षात आलं की कुठली टूर महाग आहे आणि कुठली वाजवी हे तुमचं तुम्हालाच कळतं.

बुक करण्याआधी टूरवाल्याला लेखी विचारा की बोटीची सीट कन्फर्म आहे का, किती वाजताची आहे, आणि बोट रद्द झाली तर काय करणार. बोट रद्द होते बरं का, वारा जोरात असला की नेव्ही बोट सोडत नाही. त्यामुळे पर्ल हार्बर ट्रिपच्या शेवटच्या दिवशी कधीच ठेवू नका, पहिल्या दोन-तीन दिवसात उरका म्हणजे परत जायला दिवस हातात राहतो. २०१८ च्या मे महिन्यात धक्क्याच्या दुरुस्तीसाठी लोकांना मेमोरियलवर उतरू देणं बंद केलं होतं, ते २०१९ च्या सप्टेंबरपर्यंत बंदच होतं, त्यामुळे निघायच्या आधी पार्कच्या साईटवर एकदा बघून घेतलेलं बरं.

अर्ध्या दिवसाची टूर की पूर्ण दिवसाची? माझं मत अगदी स्पष्ट आहे, पूर्ण दिवस. पण पूर्ण दिवसात चारही ठिकाणं कोंबू नका. ॲरिझोना आणि मिसूरी ही दोन नक्की, आणि अंगात त्राण असेल तर पाणबुडी किंवा विमानांचं म्युझियम यातलं एक. चारही एका दिवसात करणारे लोक तिसऱ्या ठिकाणी नुसते बाकावर बसलेले दिसतात.

बॅगेचं लक्षात ठेवा. आत पर्स, पाठीवरची सॅक, कॅमेऱ्याची बॅग, बाळाच्या लंगोटांची पिशवीसुद्धा चालत नाही. ज्यात काही लपवता येईल असं काहीच नको. फोन, कॅमेरा, पाकीट, पारदर्शक पाण्याची बाटली एवढं हातात घेता येतं. गेटबाहेर सामान ठेवायची सोय आहे पण त्याचे पैसे पडतात आणि रांगेत वेळ जातो, टूरच्या बसमधे ठेवता येईल का ते आधी विचारा. आईची औषधं मी खिशाच्या जॅकेटमधे घेतली होती, ते बरं पडलं. पायात बूट घाला, मिसूरीवर लोखंडी उभ्या शिड्या आहेत आणि चपलेने घसरायला होतं. बीचचे कपडे घालून जाऊ नका, मुळात ती दफनभूमी आहे.

आता जाण्याआधी तासभर काढून त्या सकाळबद्दल वाचा, किंवा निदान इथे सांगते तेवढं डोक्यात ठेवा, नाहीतर गाईड भराभर बोलतो आणि अर्धं डोक्यावरून जातं.

७ डिसेंबर १९४१, रविवार. जपानच्या सहा विमानवाहू नौका ओआहूच्या उत्तरेला येऊन थांबल्या होत्या आणि त्यांच्यावरून दोन लाटांमधे साडेतीनशेच्या वर विमानं निघाली. योजना अॅडमिरल यामामोतोंची, ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल नागुमो. खरं तर इशारे मिळाले होते. पावणेसातच्या सुमाराला यूएसएस वॉर्ड या विनाशिकेने बंदराच्या तोंडाशी एक छोटी जपानी पाणबुडी बुडवली आणि तसं कळवलंही. सात वाजून दोन मिनिटांनी ओपाना इथल्या रडारवर दोन सैनिकांना विमानांचा मोठा घोळका दिसला, त्यांनी फोन केला, तर अधिकाऱ्याने सांगितलं काळजी करू नका. त्याला वाटलं अमेरिकेहून येणारी आपलीच बी-१७ बॉम्बर विमानं असतील. आठला पाच कमी असताना बंदरावर हल्ला सुरू झाला. दोन तासांच्या आत सगळं संपलं, २४०३ माणसं मेली, त्यात ६८ सामान्य नागरिक. त्या नागरिकांपैकी बरेच जण जपानी बॉम्बने नाही तर अमेरिकेच्याच तोफांचे गोळे शहरात पडून गेले.

ॲरिझोनावर आठ वाजून काही मिनिटांनी बॉम्ब पडला, डेक फोडून आत गेला आणि पुढच्या भागातलं दारूगोळ्याचं कोठार उडालं. नऊ मिनिटांत जहाज तळाशी. ११७७ माणसं गेली, हा आकडा नीट लक्षात ठेवा कारण त्या दिवशीच्या एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे या एका जहाजावरचे आहेत. त्यातले ९०० हून जास्त अजूनही त्याच जहाजात आहेत. जहाजावर एकाच घरातले भाऊ-भाऊ असलेल्या बऱ्याच जोड्या होत्या. आणि २१ वादकांचा बँड होता, आदल्या रात्री ते बँडची स्पर्धा ऐकायला गेले होते, सकाळी त्यांची नेमणूक खाली तोफांना दारूगोळा पुरवायच्या जागी होती. एकविसातला एकही वाचला नाही.

हे वाचून गेलात की किनाऱ्यावरच्या दोन म्युझियम्समधे कुठे थांबायचं हे कळतं. एक आहे युद्धापर्यंतच्या वाटचालीचं आणि दुसरं हल्ल्याचं, याच क्रमाने बघा. पहिल्यात लोक धावत सुटतात पण जपानचं तेल, चीनमधलं युद्ध, अमेरिकेचे निर्बंध हे सगळं तिथेच आहे आणि त्याशिवाय दुसरं म्युझियम म्हणजे नुसती आग आणि धूर वाटतं. बोटीच्या वेळेआधी निदान दीड तास पोचा म्हणजे हे शांतपणे होतं. बाहेर ॲरिझोनाचा नांगर ठेवलाय, जवळ उभे राहून बघा, आपल्या डोक्याच्या वर जातो.

आणि एक काम करा, हे मला कुठल्याच गाईडने सांगितलं नव्हतं. जाण्याआधी ॲरिझोनावर गेलेल्यांची यादी इंटरनेटवर उघडा आणि त्यातलं एक नाव निवडा. एकच. तो किती वर्षांचा होता, कुठल्या राज्यातला, जहाजावर काय काम करायचा एवढं बघून ठेवा. बाबांनी बँडमधला एक मुलगा निवडला होता. हजारभर नावांच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर डोळे सैरभैर होतात, कुठे बघायचं कळत नाही. बाबा मात्र दोन मिनिटं ओळी चाळत राहिले, मग थांबले, काहीच बोलले नाहीत. मला त्यांच्याकडे बघून कळलं की सापडलं.

बोट नेव्हीची असते, चालवणारेही नेव्हीचेच. जाताना पाण्यात पांढरे काँक्रीटचे मोठे चौथरे दिसतील, त्यावर जहाजांची नावं लिहिलेली आहेत. हाच बॅटलशिप रो, त्या सकाळी याच चौथऱ्यांना युद्धनौका बांधलेल्या होत्या. बहुतेक लोक मेमोरियलचा फोटो काढायच्या नादात ते बघतच नाहीत. वेस्ट व्हर्जिनियाचं नाव दिसलं की थांबून बघा. ती नौका बुडाल्यावर आत एका हवाबंद खोलीत तीन नाविक जिवंत अडकले होते, बाहेरच्यांना ठोकल्याचा आवाज येत होता पण त्यांना काढता आलं नाही. पुढे जहाज वर काढलं तेव्हा आत कॅलेंडर सापडलं, २३ डिसेंबरपर्यंतच्या तारखांवर खुणा केलेल्या. सोळा दिवस.

मेमोरियलवर तुम्हाला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात, त्यामुळे वेळ कसा वापरायचा ते आधीच ठरवा. उतरल्यावर सगळे मधल्या मोकळ्या भागात थांबून फोटो काढायला लागतात. तुम्ही तिथे थांबू नका, सरळ शेवटच्या टोकाला, नावांच्या संगमरवरी भिंतीपाशी जा, पहिली काही मिनिटं तिथे तुम्ही जवळजवळ एकटे असता. भिंतीच्या पुढे खाली वेगळी नावं कोरलेली दिसतील. ही त्या दिवशी वाचलेल्या खलाशांची. त्यांनी म्हातारपणी मरताना सांगून ठेवलं की माझी रक्षा माझ्या जहाजात न्या, आणि डायव्हर्सनी ती पाण्याखाली नेऊन तोफेच्या बुरुजात ठेवली. ॲरिझोनावरचे शेवटचे हयात खलाशी लू कॉन्टर १ एप्रिल २०२४ ला १०२ व्या वर्षी गेले.

मग परत मधे या आणि खाली बघा. मेमोरियल जहाजावर आडवं उभं आहे पण जहाजाला कुठेही टेकलेलं नाही. पाण्यावर गंजलेलं एक मोठं गोल कडं दिसतं, ते तिसऱ्या तोफेच्या बुरुजाचं बूड. आणि आता कठड्यापाशी थोडा वेळ नुसतं उभं राहा. तेल बघायचंय. १९४१ मधे नुकतंच इंधन भरलेलं होतं आणि ते तेल अजून झिरपतंय, रोज काही लिटर. आधी काहीच दिसत नाही, मग खालून एक काळा थेंब वर येतो, अगदी हळू, पाण्याला लागला की बशीएवढा पसरतो आणि त्यात मोरपंखी रंग दिसायला लागतात, मग वाऱ्याने त्याची लांब रेघ होते आणि तोवर शेजारी दुसरा थेंब आलेला असतो. वासही येतो, डिझेलसारखा. लोक याला काळे अश्रू म्हणतात. आई तिथून हलायलाच तयार नव्हती.

इमारतीकडेही बघा, १८४ फूट लांब, दोन्ही टोकं उंच आणि मधे वाकलेली. तिचा आराखडा काढला आल्फ्रेड प्राइस यांनी. ते ऑस्ट्रियातून नाझींपासून पळून हवाईला आले होते, आणि हल्ल्यानंतर त्यांनाच शत्रूदेशाचे म्हणून इथल्या छावणीत डांबलं होतं. त्याच माणसाने पुढे हे स्मारक बांधलं. मधला वाक म्हणजे सुरुवातीचा पराभव आणि टोकं म्हणजे आधीचा अभिमान आणि शेवटचा विजय, असं त्यांनी सांगितलं होतं. १९६२ मधे ते खुलं झालं. पैसे कमी पडत होते तेव्हा मार्च १९६१ मधे गायक एल्व्हिस प्रेस्लीने इथे कार्यक्रम करून पन्नास हजार डॉलरच्या वर जमवून दिले.

गाईडबद्दल एक. चांगला गाईड जे काय सांगायचं ते बसमधे आणि किनाऱ्यावर सांगतो आणि मेमोरियलवर गप्प राहतो. तुमचे सगळे प्रश्न बसमधेच विचारून घ्या. मेमोरियलवर आवाज खाली ठेवा, व्हिडिओ कॉल नको, हसरे सेल्फी तर नकोच. मुलं बरोबर असतील तर आदल्या रात्री त्यांना साध्या शब्दात सांगा की इथे माणसं झोपली आहेत, मुलांना ते बरोबर कळतं. आमच्या बोटीत जपानी कुटुंबंही होती, एक आजोबा भिंतीसमोर बराच वेळ मान खाली घालून उभे होते. अशा वेळी "यांच्यामुळेच झालं" वगैरे आपसातही बोलू नका, आवाज पोचतो.

दुपारी मिसूरी. हा क्रम मुद्दाम सांगतेय, आधी ॲरिझोना मग मिसूरी, कारण एकावर अमेरिकेचं युद्ध सुरू झालं आणि दुसऱ्यावर संपलं. मिसूरी फोर्ड आयलंडवर आहे, तो भाग चालू लष्करी तळ असल्याने तुमची भाड्याची गाडी तिथे नेता येत नाही, व्हिजिटर सेंटरवरून शटल बस जाते. जाताना तळाचे फोटो काढू नका. तिकिटातच जहाजावरची गाईडेड फेरी असते, ती घ्याच, कारण ८८७ फुटी जहाजावर एकट्याने नुसतं भरकटायला होतं.

सगळे सरेंडर डेकवर गर्दी करतात आणि करावीच. २ सप्टेंबर १९४५ ला टोकियो उपसागरात जपानने इथे शरणागतीवर सही केली, जिथे ते टेबल होतं तिथे डेकवर गोल पितळी पाटी आहे. अमेरिकेचे जनरल मॅकआर्थर, जपानचे परराष्ट्रमंत्री शिगेमित्सु, आणि तेवीस मिनिटांत महायुद्ध कागदावर संपलं. तिथे दोन्ही करारनाम्यांच्या प्रती लावल्या आहेत, त्यातली जपानची प्रत नीट बघा. कॅनडाच्या प्रतिनिधीने चुकून एक ओळ सोडून खाली सही केली, मग पुढच्या सगळ्यांच्या सह्या एकेक ओळ घसरल्या आणि शेवटी छापील नावं खोडून हाताने लिहावी लागली. एवढ्या मोठ्या प्रसंगातली ती खाडाखोड बघून तो कागद एकदम खरा वाटायला लागतो.

पण मला विचाराल तर मिसूरीवरची सगळ्यात महत्त्वाची जागा उजव्या बाजूला मागे आहे. ११ एप्रिल १९४५ ला ओकिनावाजवळ एक कामिकाझे, म्हणजे जपानी आत्मघाती विमान इथे येऊन आदळलं, त्याचा पोचा अजून दिसतो. वैमानिकाचा मृतदेह डेकवर सापडला. खलाशी तो समुद्रात फेकून देणार होते पण कॅप्टन कॅलघन म्हणाले की तो आपलं काम करत होता, त्याला लष्करी मानाने निरोप द्यायचा. रात्रीत खलाशांनी कापडाचा जपानी झेंडा शिवला आणि दुसऱ्या दिवशी बंदुकीची सलामी देऊन त्याला समुद्रात सोडलं. ज्या जहाजावर आदल्या दिवशी तो आदळला होता त्याच जहाजावर! गाईडने गडबडीत हे गाळलं तर थांबवून विचारा, मी विचारलं होतं आणि मग गाईडनेही मनापासून सांगितलं.

पाणबुडीचं थोडक्यात सांगते. यूएसएस बोफिन हल्ल्याला बरोब्बर एक वर्ष झालं त्या दिवशी पाण्यात उतरली. व्हिजिटर सेंटरच्या शेजारीच आहे, शटल लागत नाही. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, आणि गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेत घाबरायला होत असेल तर बाहेरचं म्युझियमच बघा. याच पाणबुडीने २२ ऑगस्ट १९४४ ला त्सुशिमा मारू हे जहाज बुडवलं होतं, आत ओकिनावाहून सुरक्षित ठिकाणी नेत असलेली शाळकरी मुलं होती, सातशेच्या वर मुलं गेली. पाणबुडीवरच्यांना आत मुलं आहेत हे माहीत नव्हतं. आत जाताना हे ठाऊक असावं असं मला वाटतं. विमानांच्या म्युझियममधे वेळ कमी असेल तर हँगर ७९ च्या निळ्या काचा तेवढ्या बघा, त्या सकाळच्या गोळ्यांची भोकं तशीच ठेवली आहेत.

बऱ्याच टूर परतताना पंचबोल दाखवतात. जुन्या ज्वालामुखीच्या खळग्यात सैनिकांची दफनभूमी आहे, बेपत्ता झालेल्या २८ हजारांहून जास्त जणांची नावं तिथल्या भिंतींवर आहेत. टूरची बस आत नुसती चक्कर मारून बाहेर पडते, उतरायला मिळेलच असं नाही. मनापासून बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशी टॅक्सीने स्वतः जा, सकाळी लवकर, गवत ओलं असतं आणि कुणी नसतं.

म्हाताऱ्या माणसांसाठी, ॲरिझोनाच्या बोटीत व्हीलचेअर जाते, मिसूरीवर मुख्य डेक बघता येतो पण शिड्यांचा भाग सोडावा लागतो. सावली कमी आहे, टोपी आणि पाणी विसरू नका.

आणि मिसूरीवरून उतरलात की लगेच शटलकडे पळू नका. तिथेच बाजूला ओक्लाहोमा या युद्धनौकेचं स्मारक आहे, ४२९ पांढरे संगमरवरी खांब, प्रत्येकावर एक नाव. ती नौका टॉर्पेडो लागून उलटी झाली होती, आतल्या बहुतेकांची ओळख पटली नव्हती आणि ते पंचबोलमधे "अज्ञात" म्हणून पुरले होते. २०१५ पासून त्या कबरी उघडून डीएनए तपासले, आणि एकेकाची ओळख पटवून त्यांना घरच्यांकडे पाठवलं, सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी. खांब जहाजाच्या कडेला खलाशी सलामीला उभे राहतात तसे ओळीने उभे केलेत. मधून चालत जा, नावं वाचता येतात. शटल परत येतेच, एक गेली तरी चालेल.